अंगाचं तेल आधी अंगावर राहू द्या

नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्या दुकानात एकच चौकशी सुरू होते, मॉइश्चरायझर कुठलं घेऊ, आणि त्यातही "जरा भारीतलं दाखवा" म्हणणारे जास्त. सिंहगड रोडला आमचं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मसी शिकलेली, काउंटरला बरीच वर्षं उभी राहतीये, त्यामुळे हातापायाची कातडी दाखवणारी माणसं रोज समोर येतात आणि बघून बघून एक गोष्ट मला पक्की पटलीये. आपली कातडी स्वतःचं तेल स्वतः बनवते, चोवीस तास, फुकट, आणि आपण ते रोज सकाळी कडकडीत पाण्यानं आणि साबणानं खरवडून काढतो, मग त्याची भरपाई करायला बाटली विकत घेतो. हे मला मनापासून खटकतं म्हणून आज सगळं सविस्तर लिहितीये. लांबेल जरा, पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा तान्ही बाळं आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी पुण्याच्या हवेबद्दल. सगळा दोष थंडीला देतात लोक, आणि थंडीत अंग उलतंच, सह्याद्रीच्या आडोशाला असल्यामुळे आपली हवा मुंबईसारखी दमट नाही, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि सकाळी टूव्हीलरवर तोंडावर गार वारं घेत ऑफिस गाठायचं. पण पुण्यातली सगळ्यात कोरडी हवा असते ती मार्च-एप्रिलच्या दुपारची. तेव्हा घाम येत असतो म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही की कातडी सुकतीये, त्यात खराडी-हिंजवडीला दिवसभर एसीत बसणारे तर वेगळेच, त्यांची मान आणि हात उन्हाळ्यातही पांढरट दिसतात. थोडक्यात काय तर हा फक्त स्वेटरच्या दिवसांचा विषय नाही.

आपली कातडी कोरडी आहे का हे बघायला मशीन लागत नाही. नडगीवर नखानं हलकी रेघ ओढा. पांढरी उमटली आणि तशीच राहिली तर वरचा थर सुकलाय. दुसरी खूण काळ्या मोज्यांची, संध्याकाळी मोजा उलटा करून झटकला की बारीक पांढरा भुगा पडतो. हा भुगा म्हणजे मेलेल्या पेशीच, त्या रोजच गळत असतात, फक्त एरवी एकेक सुटी गळते म्हणून दिसत नाही. पेशींना एकमेकींपासून सोडवणारी जी एन्झाइम्स असतात त्यांना काम करायला पाणी लागतं, पाणी कमी पडलं की पेशी नीट सुटत नाहीत, झुबक्यानं चिकटून राहतात आणि मग खपली उचकटल्यासारखे पापुद्रे निघतात. म्हणजे पापुद्रे दिसले की "मळ साचलाय, अजून घासा" हा जो आपला हिशोब असतो तो पूर्ण उलटा आहे.

आता हे पाणी आत टिकतं कसं? इथे ते स्निग्ध प्रकरण येतं आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

कातडीचा सगळ्यात वरचा थर फक्त १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो (तळहात-तळपाय सोडून, तिथे बराच जाड), म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा पन्नासावा भाग धरा, आणि तेवढ्यात चपट्या पेशींचे साधारण १५-२० थर. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ पीटर इलायस यांनी १९८३ मध्ये याचं वर्णन विटांच्या भिंतीसारखं केलं आणि ते इतकं चपखल बसलं की आम्हाला कॉलेजात तेच शिकवलं, पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला माल सगळा चरबीचा. या मालात वजनानं निम्म्याच्या आसपास सेरामाइड नावाची चरबी, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि १०-१५ टक्के सुटी फॅटी अ‍ॅसिड्स. हो, तेच कोलेस्टेरॉल, रिपोर्टमध्ये वाढलं की आपण घाबरतो ते. कातडी आपल्यापुरतं बरंचसं कोलेस्टेरॉल जागेवरच बनवते आणि ते नसेल तर भिंत उभीच राहणार नाही. खालच्या पेशी वर सरकत येता येता या तिन्हींची बारीक पुडकी तयार करतात आणि वर पोचल्यावर ती पेशींच्या मधल्या फटीत रिकामी करतात, तिथे त्याचे एकावर एक पातळ पदर बसतात. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचं काही आत घुसू नये ही दोन्ही कामं हे पदर करतात. दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, नीट भरलेल्या असल्या की झालं. दर्जा उघड्या पडल्या की पाणी सुटायला लागतं, साबण आत चुरचुरतो, लोकर टोचते, धुळीनं खाज येते.

विटांच्या आतसुद्धा पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात, त्यातले बरेच फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनपासून बनतात. २००६ मध्ये कळलं की काही लोकांमध्ये या फिलॅग्रिनच्या जीनमध्येच दोष असतो आणि त्यांना कोरडी कातडी आणि इसब होण्याची शक्यता जास्त. एकाच घरात, एकच पाणी, एकच साबण, तरी एकाच पोराचे कोपर-गुडघे कायम फुटलेले का, याचं एक उत्तर हे आहे. तळहातावर रेषा जरा जास्तच दाट असतात अशा मुलांच्या. त्या आईला कृपा करून "तू नीट तेल लावत नाहीस" असं ऐकवू नका.

हे झालं पेशींमधलं तेल. याशिवाय दुसरं तेल आहे जे आपल्याला माहीत असतं, नाकावर चमकतं ते, सीबम. केसांच्या मुळाशी ग्रंथी असतात त्यातून येतं, त्यात ट्रायग्लिसराइड, मेण आणि स्क्वालीन असतं आणि त्याच्यासोबत व्हिटॅमिन ई पण कातडीवर पोचतं. चेहरा, डोकं, पाठीचा वरचा भाग इथे भरपूर, नडगीवर अगदी थोडं, तळहात-तळपायावर शून्य, तिथे ग्रंथीच नाहीत. म्हणून टाचांनाच भेगा पडतात आणि म्हणून नडगी आधी सुकते. लहान मुलांमध्ये वयात येईपर्यंत सीबम फार कमी असतं आणि बायकांमध्ये पाळी गेली की ते परत बरंच घटतं. पन्नाशी उलटलेल्या कितीतरी बायका मला सांगतात की पूर्वी काही न लावता चालायचं, आता हातापायाला खाज सुटते. त्यात काही आजार नसतो, आतला पुरवठा कमी झालेला असतो, आणि पंचविशीतल्या सवयींनी आता चालत नाही एवढंच.

यावर घरोघरी एक ठरलेला सल्ला असतो, पाणी जास्त पी. पाणी प्यावंच, पण कातडीच्या कोरडेपणाला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि हे समजायला एक जुना प्रयोग फार छान आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांना असा आहार दिला की त्यात चरबी अजिबात नाही, बाकी सगळं व्यवस्थित. काही महिन्यांनी उंदरांच्या शेपट्या खवल्याखवल्याच्या झाल्या, कातडी सोलवटली, वाढ खुंटली. आणि गंमत बघा, ते उंदीर नेहमीपेक्षा जास्त पाणी प्यायला लागले होते. पाणी पोटात जात होतं आणि कातडीतून उडून जात होतं, धरून ठेवणारा मालच नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की लिनोलिक अ‍ॅसिड (तेलातलं एक असंपृक्त फॅटी अ‍ॅसिड) दिलं की उंदीर सुधारतात, संपृक्त फॅटी अ‍ॅसिड देऊन काही होत नाही. तोवर चरबी म्हणजे फक्त कॅलरी असं समजत होते. लिनोलिक अ‍ॅसिड आपलं शरीर बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, आणि भिंतीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या सेरामाइडमध्ये तेच जोडलेलं असतं.

माणसात याची कमतरता सहसा होत नाही, आपल्या रोजच्या फोडणीत पुरेसं असतं. पूर्वी हॉस्पिटलात शिरेतून बिनचरबीचं पोषण दिलेल्या पेशंटना मात्र व्हायची. १९७५ मध्ये अशी कमतरता असलेल्या पेशंटच्या कातडीवर नुसतं सूर्यफुलाचं तेल चोळून ती सुधारल्याचं प्रसिद्ध झालं, म्हणजे बाहेरून लावलेलं तेलसुद्धा आत जाऊन कामाला लागतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. आणि त्याचबरोबर, वजन कमी करायला जे लोक तेल-तूप-दाणे सगळं एकदम तोडतात आणि उकडलेल्या भाज्यांवर राहतात त्यांना मी आवर्जून सांगते की तेल मोजून खा पण शून्य करू नका, शेंगदाण्याची चटणी, तीळ, जवस, कारळं हे ताटात राहू द्या.

आता बाथरूम.

साबण चरबीपासूनच बनतो, तेल आणि कॉस्टिक एकत्र केलं की साबण, आणि त्याचं कामच तेल उचलून पाण्यासोबत वाहून नेणं. कुठलं तेल बाहेरचं मळकट आणि कुठलं आपल्या भिंतीतलं हे त्याला कळत नाही. शिवाय कातडीचा पीएच साधारण ५ च्या आसपास, किंचित आंबट, आणि नेहमीच्या साबणाचा ९-१०. सेरामाइड तयार करणारी एन्झाइम्स त्या आंबटपणातच नीट चालतात, त्यामुळे साबण दुहेरी मारतो, आहे ते नेतो आणि नवीन बनवायला अडथळा आणतो. निरोगी तरुण कातडी काही तासांत सावरते, म्हातारी किंवा इसबवाली सावरायच्या आत दुसऱ्या दिवसाची अंघोळ आलेली असते. साबणाच्या पुडक्यावर टीएफएम, म्हणजे त्यातल्या एकूण चरबीचं प्रमाण, लिहिलेलं असतं ते बघा, ७६ टक्के किंवा वर असेल तर ग्रेड १. भरताड कमी आणि साबण जास्त एवढाच त्याचा अर्थ, पीएच त्यानं खाली येत नाही, म्हणून "ग्रेड वन आहे ना, मग सौम्यच" असं धरून चालू नका. खरंच कातडी कोरडी असेल तर सिंडेट बार मिळतात, दिसायला साबणासारखेच पण साबण नसलेले, पीएच कातडीच्या जवळचा.

गरम पाण्याचं तर विचारू नका. गीझर आल्यापासून आपल्याला वाफा निघेपर्यंत पाणी लागतं, आणि कोरड्या कातडीला खाज असली की कडक पाण्यानं दोन मिनिटं फार बरं वाटतं म्हणून लोक अजून कडक घेतात, मग दुपारी खाज दुप्पट. जितकं गरम तितकी चरबी पातळ होऊन सुटते, साधी गोष्ट. खरकटी कढई गार पाण्यानं निघत नाही आणि गरमनं निघते हे आपण रोज बघतोच. वर ती नायलॉनची घासणी, आणि टाचांसाठी वजरी. वजरीला माझा विरोध नाही, टाचेचं जाड कातडं भिजवून हलक्या हातानं काढायला ती चांगली, पण नडगीवर आणि दंडावर फिरवणारे लोक मी पाहिलेत.

आणि आपल्या भागात टँकर. महानगरपालिकेचं धरणाचं पाणी येतं तिथे प्रश्न कमी, पण नवीन सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर चालतं आणि ते पाणी जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर करतं, बादलीला पांढरा चिकट कड येतो ना तो, तसाच थर अंगावर राहतो आणि चुरचुरत राहतो. पाणी बदलणं आपल्या हातात नसतं, साबण कमी करणं असतं.

म्हणून मी सांगते ते असं, काखा, जांघा, पाय, आणि जिथे खरंच घाम-धूळ असेल तिथे साबण, बाकी हातपाय-पोट-पाठीला नुसतं कोमट पाणी पुरतं. पहिल्यांदा लोकांना पटत नाही, घाण वाटतं, आपल्याकडे फेस म्हणजे स्वच्छता असं डोक्यात बसलंय. आमच्या सासूबाईंना पण पटत नव्हतं, त्या म्हणाल्या अगं साबणाशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटेल का मला, मग आम्ही तडजोड केली की थंडीभर नडग्यांना आणि हातांना साबण नाही, बाकी त्यांना हवं तसं. संक्रांतीपर्यंत त्यांचं रात्रीचं खाजवणं थांबलं आणि आता त्याच शेजारच्या काकूंना सांगतात.

दिवाळीतल्या अभ्यंगाचा क्रम मला यासाठीच फार शहाणपणाचा वाटतो. आधी तेल, ते अंगात मुरू द्यायचं, मग उटणं. उटण्यातली पिठं-चूर्णं वरचं जास्तीचं तेल टिपून घेतात पण साबणासारखं सगळं ओरबाडत नाहीत. आपण मात्र हल्ली तेल लावतो, उटणं लावतो आणि वरून पुन्हा सुगंधी साबणानं खसाखसा धुतो.

आता तेल कुठलं, कारण सगळी तेलं एकसारखी नाहीत. पुण्यात हल्ली गल्लोगल्ली लाकडी घाणे झालेत, आत शिरलं की पेंडेचा गरम वास येतो आणि समोर करडई, शेंगदाणा, तीळ, खोबरं, मोहरी, जवस सगळं ओळीनं. तिथे लोक विचारतात अंगाला कुठलं नेऊ आणि उत्तर मिळतं कुठलंही न्या ताई, सगळं शुद्ध आहे. शुद्ध असेल, पण कातडीला फरक पडतो तो आतल्या फॅटी अ‍ॅसिडनं. लिनोलिक भिंत बांधायला मदत करतं. ओलिक हे दुसरं फॅटी अ‍ॅसिड जास्त असेल तर ते त्या चरबीच्या पदरांमध्ये घुसून त्यांची घडी विस्कटतं, औषध कातडीतून आत पोचवायला फार्मसीत ओलिक अ‍ॅसिड त्यासाठीच वापरतात. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या २०१३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात काही मोठ्या माणसांना एका हाताला ऑलिव्ह ऑइल लावायला दिलं तर काही आठवड्यांत तिथली भिंत कमजोर झाली आणि थोडी लालीही आली, सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही, उलट ओलावा वाढला. ऑलिव्हमध्ये ओलिक साधारण ७० टक्के. ते महागडं परदेशी ऑलिव्ह ऑइल बाळाला चोळायला घेऊन जाणाऱ्या आया बघितल्या की मला राहवत नाही, मी सांगतेच.

आणि आपल्याकडे काय आहे बघा, करडई. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक ७० टक्क्यांच्या वर. सोलापूर, मराठवाडा, रब्बीत बिनपाण्याचं येणारं काटेरी पीक, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर त्याच्यावर आयुष्यभराचं काम केलंय, बिनकाट्याचे वाण काढले. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात हेच तेल होतं. सूर्यफूल पण चालेल, फक्त लेबलवर हाय ओलिक लिहिलंय का बघून घ्या, करडईतही तसले वाण आलेत. तिळात दोन्ही साधारण निम्मे-निम्मे, म्हणून मधलं. शेंगदाण्यात ओलिक जास्त. खोबरेल वेगळ्याच जातीचं, त्यात लिनोलिक जेमतेम २ टक्के, निम्म्याच्या आसपास लॉरिक अ‍ॅसिड, ते भिंतीला माल पुरवत नाही पण वरून पाणी उडणं कमी करतं आणि काही जंतूंना आवरतं, कोरड्या कातडीवर ते चांगलं चालतं हे तपासून झालेलं आहे. २४ अंशांच्या खाली ते गोठतं, थंडीत बाटलीच उलटी करून उन्हात ठेवावी लागते, त्यामुळे नेमकं गरज असते तेव्हा लोक कंटाळा करतात. मोहरीचं तेल मात्र इसबवाल्या कातडीला नको, उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं जखमी कातडी सावरायला उशीर लागल्याचं दिसलंय.

लिनोलिकवाल्या तेलाचा एक दुर्गुण, ते लवकर खवट होतं. लहान बाटली घ्या, अंधारात ठेवा, वास बदलला की टाका. खवट तेल अंगाला लावून उपयोग नाही, त्यानं आग होते.

टाचांसाठी मला अजूनही भिरंडेलाला, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाला, तोड दिसत नाही. माझं आजोळ कुडाळकडचं, तिथे उन्हाळ्यात आमसुलं केल्यावर रातांब्याच्या बिया फेकत नाहीत, सुकवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळत ठेवतात. तेल वर तरंगतं, ते अलगद काढायचं, गार होत आलं की मुठीत दाबून गोळे करायचे. फिकट पिवळे, घट्ट, त्यावर आजीच्या बोटांचे ठसे तसेच राहिलेले असायचे. त्यात स्टिअरिक अ‍ॅसिड फार, निम्म्याहून जास्त, म्हणून ते पुण्याच्या मे महिन्यातसुद्धा सहसा वितळत नाही, सुरीनं तुकडा काढावा लागतो. तो पळीत जरा गरम केला की पातळ होतो, मग पाय भिजवून, पुसून, भेगांमध्ये कोमट-कोमट भरायचा. भेगेत जाऊन तिथेच थिजतो आणि बसून राहतो, पातळ तेलासारखा चादरीला लागून जात नाही. तळपायाला स्वतःच्या तेलाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे तिथे असं घट्ट काहीतरीच लागतं. भिरंडेल नसेल तर साधी पेट्रोलियम जेली लावा, ती नैसर्गिक वगैरे नाही, जमिनीतून निघालेल्या खनिज तेलापासून बनते, पण पाणी अडवण्यात तिच्यापुढे कुठलंच तेल टिकत नाही आणि स्वस्त आहे. मला नैसर्गिकचं प्रेम आहे, पण पाय फुटून रक्त येत असेल तर जे काम करतं ते लावावं.

लोकरीतली चरबी पण अशीच. नवीन घोंगडीला जो तेलकट उग्र वास येतो तो त्याच चरबीचा, तीच शुद्ध करून लॅनोलिन म्हणून मलमात घालतात. ओठांना आणि पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्रांच्या भेगांना छान. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते, तेवढं आधी हातावर लावून बघा.

लावायचं कधी, तर अंघोळ झाल्या झाल्या, अंग टॉवेलनं टिपून, जरा ओलसर असतानाच, पाच मिनिटं गेली की उपयोग कमी. अर्धा चमचा तेल दोन्ही पायांना पुरतं. अंघोळीच्या आधी लावलेलं तेल पण वाया जात नाही, ते साबणाचा मार थोडा झेलतं.

बाळांबद्दल वेगळं लिहायला हवं खरं तर, पण थोडक्यात सांगते. जन्मताना बाळाच्या अंगावर जो पांढरा लोण्यासारखा लेप असतो, व्हर्निक्स, त्यात सुमारे ८० टक्के पाणी, १० टक्के प्रोटीन, १० टक्के चरबी, आणि तो घाण नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ २४ तास तरी थांबवा असं सांगते, त्यामागे बाळ गार पडू नये हे मुख्य कारण, आणि हा लेपही अंगावर राहतो. घरी आल्यावर न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात, त्यांचा हात चांगला असतो, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही, फक्त लव जावी म्हणून डाळीचं पीठ जोरात रगडणं थांबवायला सांगा. लव आपोआप जाते. बाळाची भिंत अजून नीट तयार व्हायची असते. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांची तर फारच कच्ची. ढाक्याच्या एका रुग्णालयात अशा बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीत, घरी आपल्या मनानं नाही. आणि दुसरी बाजू पण सांगते, ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावून पाहिलं तर इसब टळला नाही, २०२० मध्ये तो निकाल आला. म्हणजे इसब होऊ नये म्हणून तेलाचा मारा करण्यात अर्थ नाही. कातडी कोरडी असेल तर लावा, मऊ असेल तर बळंच नको.

डोक्यातला कोंडा हा मात्र बहुतेक वेळा कोरडेपणा नसतो. मॅलसेझिया नावाची बुरशी डोक्यातल्या तेलावर जगते आणि आपण तिला वाटीभर तेल घालून पोसतो. कोंडा असेल तर रात्रभर तेल लावून झोपणं बंद करा आणि केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरा. मानेवर-छातीवर शिबं आली असतील तिथेही तेच, तेल नको. आणि पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल लावू नका, छिद्रं बुजतात, कॉलेजच्या मुलींना हे मी परत परत सांगते.

एक विनंती, खाज आली की "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणून येऊ नका. त्यातल्या बऱ्याचशा ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, २०१८ मध्ये सरकारनं अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातलीये ते बरोबरच केलंय. स्टिरॉइडनं दोन दिवसांत बरं वाटतं आणि महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, नवीन चरबी बनणंही मंदावतं. घरात दोघा-तिघांना एकदम रात्री खाज येत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर ती खरूज असू शकते, तिला तेल काहीही करत नाही. भेगेतून पू येत असेल, कोरडेपणासोबत खूप थकवा आणि वजन वाढत असेल, तर डॉक्टरांकडे जा, थायरॉइडमध्येही अंग असंच सुकतं.

म्हाताऱ्या माणसांना तेल बाथरूममध्ये लावू नका, फरशीवर थेंब सांडला की पाय घसरतो आणि मग खुब्याचं हाड मोडतं, पलंगावर बसवून जुना पंचा पायाखाली घेऊन लावा आणि वर सुती मोजे घाला म्हणजे तेल चादरीला लागणार नाही, पण नुसत्या मोज्यांवर फरशीवर चालू देऊ नका, त्यानंही पाय घसरतो. तेलात मुरलेले कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा आणि तसे अंगावर असताना समई-निरांजनाजवळ वाकू देऊ नका, तेल शोषलेलं कापड फार पटकन पेट घेतं. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवा आरशात बघायचा आणि टाचेला, तळव्याला भरपूर लावायचं, बोटांच्या बेचक्यात मात्र अजिबात नाही, ती कोरडी पुसून ठेवायची, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि साखरवाल्या पायाची चिखली लवकर बरी होत नाही.